पुढं बत्तीस, मागं चौतीस

पाठककाकांना लग्नकार्यात शोधायचं असेल तर मांडवात बघून उपयोग नसायचा. ते पार्किंगमध्ये सापडायचे. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात मंगलाष्टका चालू होत्या, सगळे अक्षता मुठीत धरून माना उंच करून उभे, आणि हे गृहस्थ इस्त्रीचं धोतर सावरत कार्यालयाच्या मागं उकिडवे बसून पाहुण्यांच्या गाड्यांची हवा तपासत होते. इतर माणसं खिशाला पेन लावतात, काका हवा मोजायचा पितळी गेज लावायचे. त्या दिवशी अंगात बिनखिशाची बंडी होती, तर किल्ली बांधतात तसा गेज जानव्याला बांधलेला. अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली आणि काका माझ्या वडिलांच्या कानाशी येऊन म्हणाले, "पांढऱ्या गाडीचं मागचं डावं चाक बावीसवर आहे, पाहिजे तीस. कुणाची आहे बघा. जेवायच्या आधी सांगा, जेवल्यावर माणूस ऐकत नसतो." गाडी नवरदेवाच्या मामांची निघाली. मामांना तो मानपान वाटला की अपमान, हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण पंगतीत ते काकांपासून चार पानं लांब बसले.

काकांचं टायरचं दुकान जालना रोडवर, मोंढा नाक्याच्या अलीकडं होतं. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी, वडील कलेक्टर कचेरीत कारकून, आणि यांनी टायर विकायला घेतले म्हणून भावकीत बराच गहजब झाला होता म्हणे. काकांना त्याचं काही नव्हतं. "आजोबा पोथी सांगायचे, मी टायर सांगतो. ऐकणारे तेव्हाही पेंगायचे, आत्ताही पेंगतात," असं म्हणून ते खो खो हसायचे. हसताना त्यांचे खांदे एवढे हलायचे की गेज खिशातून पडायचा.

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायला नुकती लागले होते आणि नाकावर माशी बसू देत नव्हते. मे महिन्यात स्कूटी घेऊन त्यांच्या दुकानात गेले आणि म्हणाले, "हवा जरा कमीच ठेवा. ऊन आहे."

"का बुवा?"

"तापमान वाढलं की दाब वाढतो. टायर फुटेल. मी फिजिक्स शिकवते."

काकांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच पंक्चर होऊन आले आहे. ते आत गेले, एक वीतभर बांधणीची तार घेऊन आले आणि म्हणाले, "मॅडम, ही एका जागी वीस वेळा वाकवा. मग ओठाला लावा." मी वाकवली. लावली. चटका बसला.

"हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला अशीच दुमडते अन् सरळ होते. मैलामैलाला हजारदा. ऊन तापवतं त्याच्या कितीतरी पट ही दुमड तापवते. फुटतो तो कमी हवेचा टायर. तुम्ही सांगता ते खरं आहे, पण अर्धं आहे. अर्धं शिकवू नका हो पोरांना."

राग आला. पण खोटं कसं बोलू, घरी जाऊन मी पुन्हा एकदा तार वाकवून पाहिली.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची, हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. पंपावरचा हवावाला, ट्रकवाला, ट्रॅक्टरवाला, रिक्षावाला, सगळे तेच सांगणार. अख्खा मराठवाडा एकीकडं आणि काका एकीकडं. पुढं आमची चांगली गट्टी जमली तेव्हा त्यांनी माझ्याकडून एक पाटी लिहून घेतली: 'उन्हाळ्यात हवा कमी करू नका. न पटल्यास तार मागा.' अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकं जुळवायच्या, खड्ड्यामागच्या भिंतीवर ती लटकायची. तार मागणारे वर्षाकाठी दोघंतिघं. काकांना तेवढेही पुरायचे.

मग ती दुष्काळाची वर्षं आली. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, रस्त्यावर टँकरची रांग, आणि तेवढ्याच जोरात शहर करमाडच्या दिशेनं सरकत चाललेलं. रोज नव्या वसाहतीची कमान, रोज नवी गाडी. दुकानात पंक्चर शोधायचं पाण्याचं घमेलं असतं, त्यात पाणी ओतायची काकांना लाज वाटायची. सलीमभाई, म्हणजे त्यांचा जुना फिटर, कुरकुरायचा, "काका, बगैर पानी के कैसा ढूँढू मैं?" काका ट्यूब फुगवून गालापाशी फिरवायचे, डोळे मिटून. बारीकशी फुंकर गालाला लागली की म्हणायचे, "ही बघ. इथं बोलली."

त्याच वर्षांत वैभव माझ्याकडं आला. बारावीला माझा विद्यार्थी होता, आता इंजिनिअर होऊन शेंद्र्याच्या एका कारखान्यात लागला होता. करमाडजवळची त्यांची बरीचशी जमीन कारखान्यांत गेली होती. जमिनीच्या मावेज्याचा पैसा आला तेव्हा गावात पोरांनी तो मोठमोठ्या गाड्यांवर उडवला. या पोरानं मात्र चार वर्षं पगारातून शिल्लक टाकून पुण्याहून एक जुनी दोन सिटांची स्पोर्ट्स कार आणली होती. गडद हिरवी, जमिनीला टेकलेली. "मॅडम, टायर घ्यायचेत. इंटरनेटवर इतकं वाचलं की डोकं फिरलं. कुणी ओळखीचं आहे का?" मीच त्याला काकांकडं नेलं. हो, मीच.

काकांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि टायरच्या बाजूवरचे चार आकडे बोटानं पुसून दाखवले. "आठवडा आणि साल. नऊ वर्षांचा आहे हा. नक्षी शाबूत आहे, पण रबर म्हातारं झालंय. चारही काढ." वैभवनं खिशातून घडी केलेला कागद काढला. त्याला शर्यतीत वापरतात तसले मऊ, जवळजवळ बिननक्षीचे टायर हवे होते. शिवाय मोठी रिम आणि त्यावर पातळ टायर.

"कुठं चालवणार?"

"घर ते कंपनी. रविवारी दौलताबाद घाट."

"मग ते शर्यतीचं रबर तुझ्या काय कामाचं? ते नीट तापल्याशिवाय धरतच नाही. कंपनीत पोचेपर्यंत ते थंडच. आणि पाऊस आला की नक्षी नाही म्हणून पाण्यावर तरंगशील."

"पाऊस कुठं येतोय काका?"

"पाऊस येईना म्हणून मी काही छत्री मोडीत घातलेली नाही," काका म्हणाले. वैभव हसला आणि कागद खिशात गेला.

प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक काकांना उभ्या आयुष्यात भेटलं नव्हतं. लोक म्हणायचे, टायर द्या, चांगला द्या, लवकर द्या. हा पोरगा विचारायचा, का? महिनाभर दोघांचं तेच. "टायर गाडी बघून घेत नसतात, रस्ता बघून घेतात," म्हणत काका त्याच्या शेजारी बसून दुकान ते करमाड तीनदा जाऊन आले. कुठं पुलाचे सांधे आहेत, कुठं रुंदीकरणात खडी उघडी पडलीय, सगळं पाहिलं. मोठ्या रिमला साफ नकार. "बाजू जाड असू दे. खड्डा रिमनं खाण्यापेक्षा टायरनं खाल्लेला बरा." शेवटी रस्त्यावरच चालणारे, पण धरून ठेवणारे, ओल्यातही भरवशाचे टायर ठरले. पुढचे थोडे अरुंद, मागचे रुंद. इथं ते मिळेनात म्हणून मुंबईहून मागवले. आल्यावर काकांनी आधी चार आकडे वाचले आणि मग हात लावला.

बसवायच्या दिवशी वैभव वडिलांना घेऊन आला. कडूबा अण्णा. उंच, सडपातळ, पांढरा सदरा-धोतर, डोक्याला टोपी. गाडीविषयी त्यांचं मत पक्कं होतं. "चार माणसं बसत नाय तिला गाडी म्हणायचं व्हय, काका? अन् उतरताना दोघांनी उपसून काढावं लागतंय मला!" पण म्हणताना हात त्या हिरव्या टपावरून फिरत होता, बैलाच्या पाठीवरून फिरावा तसा.

सलीमभाईनं टायर चढवले, बाणाची दिशा बघून, आतली बाजू-बाहेरची बाजू बघून. मग अलाइनमेंट. काकांकडं मशीन होतं, पण मशीन झालं की ते दोन्ही बाजूंनी दोरी ताणून पुन्हा मोजायचे. आणि त्यांचा नियम असा, की मालकाला सीटवर बसवल्याशिवाय मोजायचं नाही. "गाडी रिकामी पळत नाही. माणूस बसला की ती वाकते. वाकलेलीच मोजायची." वैभव स्टीअरिंगवर बसला. शेजारची जागा रिकामी, तर काका म्हणाले, "अण्णा, तुम्हीही बसा. तुम्हीच बसणार ना त्यात?" आणि बापलेक दोन तास त्या बुटक्या गाडीत खांद्याला खांदा लावून बसले. अण्णांनी सदऱ्यातून भुईमुगाच्या शेंगा काढल्या. एक स्वतः खायचे, एक सोलून पोराच्या हातावर ठेवायचे. मी टायरांच्या चळतीवर बसून बघत होते. इतकं छान वाटत होतं, की माझा तास बुडाला तरी मी उठले नाही.

शेवटी काकांनी दाराच्या आतल्या कडेवर पांढऱ्या रंगानं लिहिलं: पुढं बत्तीस, मागं चौतीस. वैभवला एक गेज भेट दिला. "सकाळी, गाडी चालवायच्या आधी बघायचं. थंड असताना. रोज." वैभवनं मान डोलावली. तो खरोखर रोज बघायचा. पहिले काही दिवस नवे टायर हळू चालवायचे, तेही त्यानं इमानानं केलं.

पुढच्या मे महिन्यात, एका दुपारी, जालन्याच्या अलीकडं मागचा डावा टायर फुटला. गाडी उलटी होऊन पुलाच्या कामासाठी खणलेल्या चारीत गेली. वैभव तिथंच गेला. सत्तावीस वर्षांचा होता. मला अजून त्याचा हजेरी क्रमांक पाठ आहे आणि तो का पाठ आहे याचा मला संताप येतो.

पोलिसांचा पंचनामा वगैरे झाल्यावर अण्णांनी गाडी काकांच्या दुकानामागं आणून टाकली. "त्येंनाच दावा," एवढंच म्हणत होते. काकांनी निरोप पाठवून मला बोलावून घेतलं. अण्णा यायला अजून अवकाश होता. काकांनी उरलेल्या तीन चाकांना गेज लावला. वीस. एकोणीस. वीस. मग फुटलेला टायर सलीमभाईकडून उतरवून घेतला आणि आत हात घातला. हात बाहेर आला तो काळ्या भुकटीनं भरलेला. आतली बाजू सगळीकडून रगडून गेली होती. "कमी हवेवर पळालाय गं," ते म्हणाले. "पण तो तर रोज बघत होता. हे कसं झालं?" आणि ते जमिनीवर बसले.

कसं झालं ते अण्णांनीच सांगितलं. आले, टायरांच्या चळतीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"सकाळी त्यानं बघितली व्हती हवा. मंग जेवून निघायचं म्हनला जालन्याला. बारा-एकचं ऊन, डोळं फुटायची येळ. म्या म्हनलं, पोरगं उन्हाचं चाललंय. त्यो हात धुईस्तवर लिंबाखाली जाऊन काडीनं चारी चाकातली हवा काढली. आपुन टॅक्टरची काढतो तशी, अंदाजानं. त्याला बोललो नाय. हसला असता मला." अण्णांनी टोपीची घडी घातली. "त्यानंच सांगितलं व्हतं, बारावीला असताना. बाईंनी शिकवलं म्हनं, तापलं की हवा फुगती." त्यांनी माझ्याकडं पाहून हात जोडल्यासारखं केलं. मग काकांना विचारलं, "काका, म्या एवढी काढली तरी चाक कसं फुटलं वो? आनखी काढाया पायजे व्हती का?"

मी त्या पोराला तार कधी दाखवलीच नव्हती. काकांना भेटायच्या आधीची ती बॅच होती.

काकांनी आयुष्यात टायरविषयी कधी खोटं सांगितलं नाही. नवरदेवाच्या मामाला सांगितलं नाही, नगरसेवकाला सांगितलं नाही. ते उठले, त्यांनी काळा हात धोतराला पुसला आणि म्हणाले, "नाही अण्णा. तुमच्या हवेचा काही संबंध नाही. खिळा होता. रस्त्यात लांब खिळा होता. त्याला कोण काय करणार?"

"खिळा," अण्णा म्हणाले. आणि मग, पहिल्यांदाच, रडले.

त्या संध्याकाळी भिंतीवरची पाटी काकांनी उतरवली. "दोन तास, गं. दोन तास माझ्या नाकासमोर बसला होता तो माणूस. पाटी त्याच्या पाठीमागं. मी अख्ख्या शहराला सांगत सुटलो, लग्नात सांगितलं, मयतीला सांगितलं, आणि त्याला नाही सांगितलं. का, तर गाडी तो चालवत नव्हता."

अण्णा नंतर दर मंगळवारी दुकानात येऊ लागले. बाजाराला यायचे, मग त्याच चळतीवर येऊन बसायचे. कशासाठी, ते कुणी विचारलं नाही. आणि बसल्या बसल्या गिऱ्हाइकाला सांगायचे. जीव तोडून सांगायचे. "दादा, ऊन लई हाय. हवा कमी ठिवा बरं का. मपलं पोरगं गेलं. ते खिळ्यानं गेलं, पर तुमी हवा कमी ठिवा." आता, पोर गेलेला बाप असं सांगतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? माणसं सलीमभाईला म्हणायची, काढ रे थोडी. सलीमभाई काकांकडं बघायचा. काका मान खाली घालायचे. हवा निघायची. आणि गिऱ्हाईक दुकानातून बाहेर पडलं की साठी उलटलेला हा माणूस स्कूटर काढून त्याच्या मागं धावायचा, सिडको चौकापर्यंत, कधी पार चिकलठाण्यापर्यंत. सिग्नलला गाठून काच ठोठावायचा, "साहेब, मघाचं विसरा. पंपावर जा आणि भरून घ्या." लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

मला फार राग यायचा. एकदा मी त्यांना फैलावर घेतलं. "काका, तुम्ही खोटं बोललात आणि आता तो माणूस तेच गावभर वाटत सुटलाय. आणखी कुणाचं पोर जाईल तेव्हा?"

"मग जा. सांग तू. बसलाय बघ तिकडं. फिजिक्स शिकवतेस ना, जा, नीट समजावून सांग त्याला."

मी गेले. अण्णांनी सरकून मला जागा करून दिली आणि शेंग सोलून दाणे माझ्या हातावर ठेवले. मी ते खाल्ले आणि परत आले.

गेल्या वर्षी काका आजारी पडले. दवाखान्यात मी गेले तेव्हा नाकात नळी होती. म्हणाले, "अण्णा येतो का गं दुकानात?"

"येतात."

"सांगतो लोकांना?"

"सांगतात."

"मग मंगळवारी तू जात जा. स्कूटर काकूकडं आहे."

"मी कुठं पुरी पडणार, काका?"

"मी तरी कुठं पडलो," ते म्हणाले आणि खांदे जरासे हलले. ते हसत होते की दुसरं काही, मला कळलं नाही. आठ दिवसांनी काका गेले. दुकान रुंदीकरणात गेलं. काकूंनी तो पितळी गेज माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "आमच्या घरात कुणाला कळतंय त्यातलं?"

दुकान गेल्यावर अण्णांना जायला जागा उरली नाही. या मे महिन्यात ते माझ्या घरी आले. पिशवीत चार मोसंब्या, वाळलेल्या बागेतून वाचलेल्या. चहा घेतला, काकांची आठवण काढली. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले तर तिथं माझी गाडी उभी. अण्णा थांबले. वाकून चाकाकडं बघायला लागले.

"बाई, कुठं चाललात काय आज?"

"जवळच, अण्णा."

"ऊन बघा की. हवा लई दिसती हिच्यात." त्यांनी कोपऱ्यातून एक काडी उचलली आणि गुडघा धरत चाकापाशी बसले. माझ्या पर्समध्ये गेज होता. कपाटात तार होती. पंचवीस वर्षांची नोकरी होती. मी म्हणाले, "काढा, अण्णा."

हवा सूं सूं करत निघायला लागली. अण्णा गाल चाकाजवळ नेऊन ऐकत होते. "पोराच्या वक्ताला म्या कमी काढली," ते म्हणाले. "तुमच्यात जरा जादा काढतो."

चारही चाकं होईपर्यंत मी छत्री त्यांच्या डोक्यावर धरून उभी राहिले. मग ते वळणापलीकडं दिसेनासे झाले आणि मी गेज लावून बघितला. बारा. गाडी बैलगाडीच्या चालीनं पंपापर्यंत नेली. हवावाला खाली वाकला आणि मान हलवत म्हणाला, "मॅडम, काय झालं हो हे?"

"खिळा असेल," मी म्हणाले.

"चारी चाकांत?"

त्यानं नळी लावली.